नाव, गाव आणि दान

कन्नड तालुक्यातील पितळखोरा येथे लेणे क्र. ३ या चैत्यगृहाच्या एका स्तंभावर दात्याचा परिचय कोरलेला आहे : प्रतिष्ठानचा मितदेव, सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या कुळातील, हा स्तंभ त्याचे दान. इसवी सनापूर्वीचा हा प्राकृत लेख आणि आजचा फेसबुकवरील परिचय यांत नाव, गाव व व्यवसाय समानच आहेत. म्हणून स्वतःचे नाव मांडणे हा केवळ आजच्या पिढीचा दोष होय, हे मत आम्हांस ग्राह्य वाटत नाही. ज्यांची ओळख शतकानुशतके इतरांनी ठरविली, त्यांनी नावाआधी 'जय भीम' लिहून ती स्वतः सांगणे योग्यच आहे. मात्र मितदेवाचे वाक्य 'दानं' या पदाने पूर्ण होते. सारे दाते नावापाशीच थांबले असते, तर चैत्यगृह उभे राहिले नसते.