मेंदू आणि गणकयंत्र : एका अपुऱ्या ग्रंथाविषयीं

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत मज्जातंतूंच्या शास्त्रासंबंधीच्या पुस्तकाचें परीक्षण कशासाठीं, असा प्रश्न आमचे कांहीं वाचक विचारतील, व तो अगदींच गैरवाजवी आहे असें आम्हांस वाटत नाहीं. आमचें उत्तर इतकेंच कीं, ज्या ग्रंथाविषयीं आम्ही लिहीत आहों त्याचा विषय शास्त्राचा असला तरी त्याचें सारें यशापयश एका उपमेच्या वापरावर अवलंबून आहे. आणि उपमेचें गुणदोषविवेचन हा साहित्याच्या अभ्यासकाचा जुना व्यवसाय आहे. शिवाय ही उपमा आतां शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेंत राहिलेली नाहीं. ती आमच्या घरांत शिरली आहे, आणि तिनें तेथें काय केलें तें आम्ही पुढें सांगणार आहों.

ग्रंथ जॉन फॉन नॉयमन यांचा; नांव 'दि कॉम्प्यूटर अँड दि ब्रेन'. ग्रंथकार १९०३ सालीं बुडापेस्ट येथें जन्मलेले व पुढें अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें स्थायिक झालेले थोर गणिती. येल विद्यापीठांतील सिलिमन व्याख्यानमालेंत १९५६ सालीं त्यांनीं बोलावें असें ठरलें होतें. परंतु १९५५ च्या उन्हाळ्यांत त्यांना कर्करोग असल्याचें निष्पन्न झालें. व्याख्यानें झालींच नाहींत. हस्तलिखित त्यांच्याबरोबर रुग्णालयांत गेलें, तेथें जमेल तसें त्यावर काम झालें, आणि ८ फेब्रुवारी १९५७ रोजीं ते वारले तेव्हां तें अपुरेंच होतें. १९५८ सालीं तें छापून निघालें, व पत्नी क्लारा यांनीं त्यास प्रस्तावना लिहिली. मूळ पुस्तक शंभर पानांचेंहि नाहीं. पहिला भाग गणकयंत्राचा, दुसरा मेंदूचा. दुसरा भाग जेथें खऱ्या अर्थानें रंगांत येतो तेथेंच लेखणी थांबलेली आहे.

ग्रंथाचा विचार समजण्यास मज्जापेशीचा व्यवहार थोडक्यांत सांगितला पाहिजे. इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनीं १८७३ त चांदीच्या क्षारानें पेशी रंगविण्याची रीति काढली, आणि तीच रीति सुधारून स्पेनच्या रामोन इ काहाल यांनीं १८८८ पासून असें दाखविलें कीं, मेंदू हें एकसंध जाळें नसून सुट्या सुट्या पेशींचा समुदाय आहे. गोल्जींना हें कधींच पटलें नाहीं. १९०६ चें नोबेल पारितोषिक दोघांना वांटून मिळालें तेव्हां त्या समारंभाच्या व्याख्यानांतहि त्यांनीं काहालांच्या मताला विरोधच केला. पेशी सुट्या असतील तर एकीचें दुसरीस कळतें कसें, हा पुढचा प्रश्न. जेथें एक पेशी दुसरीच्या सन्निध येते त्या जागेस शेरिंग्टन यांनीं १८९७ त 'सिनॅप्स' हें नांव दिलें.

पेशीच्या आंत, बाहेरच्या मानानें, व्होल्टच्या सुमारें सत्तर सहस्रांशाइतका ऋण विद्युद्भार विश्रांतीच्या स्थितींत असतो. उत्तेजन ठराविक मर्यादेच्या पुढें गेलें कीं तंतूच्या आवरणांतील दारें उघडतात, सोडियमचे कण आंत घुसतात, भार क्षणभर पालटतो, मग पोटॅशियम बाहेर जाऊन पूर्वस्थिति येते. हें सर्व साधारणपणें सेकंदाच्या सहस्रांशांत होतें, आणि हीच लाट तंतूवरून पुढें सरकत जाते. हॉजकिन व हक्स्ली यांनीं माकुळाच्या जाड तंतूवर प्रयोग करून याचें गणित १९५२ त मांडलें. ही लाट उठते तर पुरी उठते, नाहीं तर मुळींच उठत नाहीं. अर्धी लाट नसते. परंतु सिनॅप्सपाशीं मिलिमीटरच्या सुमारें पन्नासहजाराव्या भागाइतकी फट आहे, व बहुतेक ठिकाणीं ती फट वीज ओलांडीत नाहीं. तेथें रसायन सुटतें आणि तें पलीकडच्या पेशीस चेतवितें किंवा आवरतें. ऑटो लोवी यांनीं १९२१ त बेडकाच्या एका हृदयाभोवतींचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडून रसायनाचें हें काम प्रथम दाखविलें. पलीकडच्या पेशीवर असे हजारों सिनॅप्स असूं शकतात. चेतविणारे किती व आवरणारे किती, कोणते आधीं व कोणते मागून, यांची बेरीज-वजाबाकी होऊन ती पेशी लाट सोडावयाची कीं नाहीं हें ठरवते. आपण ज्यास विचार म्हणतों त्याचा पाया इतका साधा व इतका गुंतागुंतीचा आहे.

आतां फॉन नॉयमन यांच्या उपमेकडे वळूं. लाट एक तर आहे किंवा नाहीं, हें ऐकतांच गणकयंत्र जाणणाऱ्या मनुष्याला एक आणि शून्य आठवणें स्वाभाविक होतें. मॅककलक व पिट्स यांनीं १९४३ तच मज्जापेशी हें तर्कशास्त्रांतील विधानासारखें एक घटक मानून निबंध लिहिला होता. त्याच्या आधारानें १९४५ त फॉन नॉयमन यांनीं नव्या गणकयंत्राचा जो आराखडा लिहिला त्यांत यंत्राच्या भागांना 'अवयव' व सांठवणीला 'स्मृति' असे शब्द योजले. म्हणजे आधीं यंत्राला मेंदूची उपमा मिळाली आणि मग त्या यंत्राची उपमा मेंदूला. आमच्या अलंकारशास्त्रांत याला उपमेयोपमा म्हणतात. चंद्र मुखासारखा व मुख चंद्रासारखें, असें म्हणतांना कवि फसत नाहीं. पण शास्त्रांत असें वर्तुळ पुरें झालें कीं दोन्ही वस्तु एकच आहेत असा भास होऊं लागतो.

या ग्रंथाची थोरवी आम्हांस अशी वाटते कीं, ज्यानें हें वर्तुळ आंखलें त्यानेंच तें पुसावयास घेतलें. उपमेचें लक्षण असें कीं, तींत साम्य सांगितलें जातें पण भेद कायम असतो. भेद मिटला कीं तें रूपक झालें. फॉन नॉयमन एकेक माप पुढें ठेवतात आणि प्रत्येक मापागणिक भेद वाढत जातो. गतींत त्या काळचें यंत्रहि मज्जापेशीच्या हजारों पटींनीं पुढें. ऊर्जेच्या काटकसरींत मज्जापेशी यंत्राच्या निर्वात नळीच्या कोट्यवधि पटींनीं पुढें. यंत्राचे भाग थोडे, चपळ, व एकामागून एक काम करणारे; मेंदूचे असंख्य, मंद, व एकाच वेळीं काम करणारे. मज्जापेशींची संख्या त्यांनीं अदमासें एक हजार कोटि धरली आहे. आजची मोजणी सुमारें ८६०० कोटि सांगते, तेव्हां ही चूक त्यांच्याच मुद्द्यास बळकटी आणते.

याहून मार्मिक विचार अचूकपणाचा आहे. यंत्र दहा-बारा स्थळांपर्यंत आंकडा बिनचूक ठेवतें. मेंदू दोन-तीन स्थळांपलीकडे जात नाहीं. कारण उत्तेजन किती प्रबळ आहे हें पेशी लाटेच्या उंचीनें सांगत नसून एका सेकंदांत किती लाटा गेल्या यानें सांगते. अशा रीतीनें सांगितलेला आंकडा ढोबळच असावयाचा. परंतु त्यांतील एखादी लाट गळाली तरी अर्थ फारसा बिघडत नाहीं. यंत्रांतील संख्येचा पहिलाच अंक चुकला तर सर्वनाश. अचूकपणा गमावून मेंदूनें विश्वसनीयता मिळविली आहे. आणि ज्या साधनाचे आंकडे इतके ढोबळ तें लांबलचक गणितें ओळीनें करूं शकणार नाहीं, कारण पायरीगणिक चूक वाढेल. म्हणून मेंदूची आंतली भाषा आपण कागदावर लिहितों त्या गणिताची भाषा नसावी, असा निष्कर्ष हा गणिती काढतो. ज्यानें आयुष्यभर गणितावर प्रेम केलें त्यानें मृत्यु जवळ आला असतां गणिताच्या अधिकाराला अशी मर्यादा घालावी, यांत आम्हांस फार मोठा प्रामाणिकपणा दिसतो. ग्रंथ येथेंच संपतो. ती दुसरी भाषा कोणती, हें सांगावयास ग्रंथकार उरला नाहीं.

दोष नाहींत असें नाहीं. स्मृतीचा हिशेब करतांना, मनुष्य कांहींच विसरत नाहीं असें गृहीत धरून, साठ वर्षांच्या आयुष्याला २८ वर १९ शून्यें इतकी सांठवण लागेल असा आंकडा त्यांनीं काढला आहे. कोठारांत पोतीं रचावीं तशा आठवणी रचल्या जातात, ही कल्पना त्या हिशेबाच्या मुळाशीं आहे, आणि येथें उपमा हळूच रूपक झाली आहे. त्याच प्रकरणांत, वापरानें पेशीची उत्तेजनमर्यादा बदलत असेल व तीच स्मृति असेल, अशी एक शक्यताहि ते नोंदवितात. ती त्यांनीं पुढें नेली असती तर बरें झालें असतें. १९७३ त ब्लिस व लोमो यांनीं सशाच्या मेंदूंत दाखविलें कीं, जोरकस उत्तेजनानंतर कांहीं सिनॅप्स तासच्या तास अधिक बळकट राहतात. म्हणजे जेथून निरोप जातो ती वाटच जाण्यानें बदलते. टपालाच्या पिशवीनें रस्ता रुंद होत नाहीं, तारेंतून गेलेल्या संदेशानें तार जाड होत नाहीं; येथें मात्र तसें कांहीं घडतें. सिनॅप्सवरील रसायनाला या ग्रंथांत मिळालेली जागा म्हणूनच आम्हांस अपुरी वाटते.

हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरांतील एका वडीलधाऱ्या बाईंना पक्षाघाताचा झटका आला व त्यांची वाचा गेली. एका जाणत्या म्हणविणाऱ्या गृहस्थांनीं आम्हांस समजाविलें कीं, मेंदूंतली तार तुटली आहे आणि तुटलेली तार आपोआप जुळत नसते. उपमा सुटसुटीत होती. ती सर्वांना पटली. आम्ही त्यांची सेवा केली, औषधपाणी वेळेवर दिलें, पण त्यांच्याशीं बोलणें हळूहळू सोडलें, कारण तुटलेल्या तारेशीं कोण बोलतो? स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या कानावर ती उपमा गेली नव्हती. त्या रोज भाजी निवडावयास काकींच्या खाटेपाशीं बसत व जुडी हातांत धरून 'काकी, आज काय आणलंय बघा' असें विचारीत. सहाव्या महिन्यांत एके सकाळीं काकी 'मेथी' म्हणाल्या. पुढें आणखी शब्द आले. सगळे आले नाहींत. ते मावशींच्या बोलण्यानेंच आले असा दावा आम्ही करीत नाहीं. अशा दुखण्यांत कांहीं सुधारणा निसर्गतःहि होते, आणि मेंदूचे शाबूत भाग गेलेल्या भागांचें काम थोडेंबहुत उचलूं शकतात हें आतां सर्वमान्य आहे. पण ते सहा महिने आम्ही मुके राहिलों ते एका उपमेच्या भरंवशावर, हें मात्र आम्हांस विसरतां येत नाहीं. आयुष्यभर विद्यार्थ्यांना उपमा आणि रूपक यांतील भेद शिकविणाऱ्या मनुष्यास तो स्वतःच्या घरांत ओळखतां आला नाहीं.

आज ही सावधगिरी अधिकच हवी. मज्जापेशींच्या जाळ्याची कल्पना घेऊन बनविलेलीं यंत्रें आतां भाषा लिहितात व चित्रें ओळखतात. २०२४ चें भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक हॉपफील्ड व हिंटन यांना या कामाच्या पायाबद्दलच मिळालें. तें काम मोठें आहे. त्याची टवाळी करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्या यंत्रांतील 'मज्जापेशी' म्हणजे बेरीज-गुणाकाराचा एक आंकडा आहे. तींत सोडियम नाहीं, फट नाहीं, रसायन नाहीं; आणि ज्या रीतीनें तिची चूक मागें मागें नेऊन सुधारली जाते ती रीति मेंदूंत तशीच चालते असें सिद्ध झालेलें नाहीं. आमचा मेंदू हा सर्व कारभार सुमारें वीस वॉटमध्यें, एका मंद दिव्याच्या खर्चांत, चालवितो. तरीहि 'यंत्र शिकतें', 'यंत्र विचार करतें' असें आपण म्हणतों, आणि लगेच उलट फिरून मुलाच्या डोक्यांत 'माहिती भरली नाहीं' अशी तक्रार करतों. वर्तुळ पुन्हां पुरें होत आहे.

अशा वेळीं हें लहानसें, रुक्ष व अपुरें पुस्तक वाचावें अशी आमची शिफारस आहे. भाषा कोरडी आहे, मापांची भाऊगर्दी आहे, आणि त्यांतील कित्येक आंकडे जुने झाले आहेत. परंतु साम्य कोठवर जातें व कोठें संपतें हें दाखविण्याची त्यांतील शिस्त जुनी झालेली नाहीं. दोन संध्याकाळीं तें वाचून होईल. ज्यांच्या घरीं कोणी अंथरुणाला खिळून मुकें झालें आहे त्यांनीं मात्र पुस्तकाची वाट न पाहतां त्यांच्याशीं आजच बोलावें.