सक्तीचे व्यसनोपचार आणि निःपक्ष सुनावणी : मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ची चिकित्सा

व्यसनाधीन व्यक्तीला तिच्या संमतीशिवाय उपचारासाठी दाखल करावे काय, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा करुणेच्या किंवा नीतीच्या भाषेत होते. यवतमाळ जिल्ह्यात स्त्रियांनी 'स्वामिनी' या नावाने दारूबंदीचे आंदोलन केले. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. या साऱ्या मंथनात दारू, दुकान आणि शासन हे विषय झाले. पिणाऱ्याला बळाने दाखल केल्यास त्याची बाजू कोण ऐकतो, हा विषय मात्र मागेच राहिला.

मानसिक आरोग्य कायदा, १९८७ नुसार नातेवाइकांच्या अर्जावर व दोन वैद्यकीय प्रमाणपत्रांच्या आधारे दंडाधिकारी दाखल करण्याचा आदेश देऊ शकत असे. त्या व्यवस्थेत न्यायाधिकारी दारातच उभा होता. परंतु पुष्कळदा तो प्रमाणपत्रांपलीकडे पाहणार नाही, ही भीतीही त्याच व्यवस्थेत होती. २९ मे २०१८ रोजी अंमलात आलेल्या २०१७ च्या कायद्याने हा क्रम बदलला. मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था 'मानसिक आजार' या व्याख्येत स्पष्टपणे आल्या. दाखल करण्याचा पहिला निर्णय वैद्यकीय तज्ज्ञांकडे गेला आणि न्यायिक तपासणी नंतर, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे आली.

कलम ८९ अन्वये नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. त्यासाठी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून, रुग्णाकडून स्वतःला वा इतरांना धोका आहे किंवा तो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, असा निष्कर्ष काढावा लागतो. मंडळाला सात दिवसांत कळवावे लागते. स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असल्यास तीन दिवसांत. रुग्णाने हरकत घेतल्यास तीही सात दिवसांत निकाली निघावी, असे कायदा सांगतो. कागदावर ही मुदत चोख आहे. व्यसनाच्या बाबतीत मात्र तिच्यात एक पेच दडलेला आहे. दाखल होताना माणूस नशेत असतो किंवा नशा तुटल्याने भ्रमात असतो. काही दिवसांत शुद्धीवर येऊन स्वतःचे हित पुष्कळ अंशी ओळखू लागतो. म्हणजे मंडळ बसते तेव्हा ज्या स्थितीवर निवाडा द्यायचा, ती स्थितीच उरलेली नसते. संमती देण्याची क्षमता दर सात दिवसांनी तपासावी, ही तरतूद म्हणूनच या आजारात औपचारिक ठरू नये. पुण्याच्या मुक्तांगण मित्रसंस्थेत उपचारांचा निवासी काळ पस्तीस दिवसांचा आहे. हे प्रमाण धरले, तर कलम ८९ ची मुदत जवळपास संपूर्ण उपचाराएवढी भरते. हरकत न घेणाऱ्या रुग्णाच्या वाट्याला प्रत्यक्ष सुनावणी न येताच सारा उपचार उरकू शकतो.

यापेक्षा गंभीर दोष प्रतिनिधीच्या भूमिकेत आहे. रुग्णाने आधी कोणाला नेमले नसेल, तर ही जबाबदारी प्रथम नातेवाइकाकडे जाते. विवाहित पुरुषाच्या बाबतीत ती बहुधा पत्नीकडे येते. मार खाल्लेली, मजुरी गमावलेली, मुलांसाठी घर सोडू न शकणारी ही स्त्री अर्जदार असते, रुग्णाच्या वतीने निर्णय घेणारी असते आणि त्याच्या हक्कांची राखणदारही तीच असते. तिच्या अर्जात अन्याय नाही. तो तिचा श्वास घेण्याचा हक्क आहे. परंतु तक्रारदार आणि पालक एकाच देहात ठेवून प्रक्रिया न्याय्य होत नाही, दोघांनाही ती अपुरी पडते. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील वकील सुधाकर आणि सिंधू ही जोडी येथे सहज आठवते. पतीविरुद्ध शब्द न काढणारी सिंधू प्रतिनिधी असती, तर अर्जच झाला नसता.

मंडळाच्या रचनेत कायद्याने दूरदृष्टी दाखवली आहे. अध्यक्षस्थानी जिल्हा न्यायाधीश, तत्सम पात्रतेचा न्यायिक अधिकारी किंवा निवृत्त जिल्हा न्यायाधीश. सोबत जिल्हा प्रशासनाचा प्रतिनिधी, मानसोपचारतज्ज्ञ, वैद्यक आणि रुग्ण, काळजीवाहक वा स्वयंसेवी संस्थांमधील दोन सदस्य. मात्र गणपूर्ती तिघांची आहे, त्यामुळे रुग्णपक्षाच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या असतानाही बैठक होऊ शकते. शिवाय मानसोपचारतज्ज्ञ विरळ असलेल्या जिल्ह्यात मंडळावरील तज्ज्ञ आणि दाखल करणारा तज्ज्ञ एकाच व्यावसायिक वर्तुळातले असणे अपरिहार्य होते. ए. के. क्रैपाक खटल्यात (१९६९) सर्वोच्च न्यायालयाने निवड समितीवरील उमेदवाराच्या उपस्थितीची चिकित्सा केली होती. स्वतःच्या नावाचा विचार चालू असताना तो उठून गेला, एवढ्याने न्यायालयाचे समाधान झाले नाही. पक्षपाताची वाजवी शक्यता पुरेशी मानली गेली. तो निकष येथेही लावला पाहिजे.

सुनावणी रुग्ण दाखल असलेल्या संस्थेतच घ्यावी, या तरतुदीकडेही दोन बाजूंनी पाहावे लागते. दारव्हा तालुक्यातील बोरी अरबच्या रहिवाशाला नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात दाखल केले, तर सुनावणीसाठी त्याला हलवावे लागत नाही, ही मोठीच सोय. पण त्याची साक्ष देऊ शकणारी माणसे दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावर राहतात, आणि तो बोलतो ते त्याला रोखून धरणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वास्तूत.

फौजदारी कायद्याशी तुलना केल्यास विसंगती ठळक होते. अमली पदार्थविरोधी कायदा, १९८५ च्या कलम ३९ प्रमाणे दोषी ठरलेल्या व्यसनीलासुद्धा उपचारासाठी सोडताना न्यायालय त्याची संमती घेते. अपराध न केलेल्याला मात्र दिवाणी मार्गाने संमतीविना दाखल करता येते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात कलम ३५ खाली व्यसनीला बंदिस्त करण्यापूर्वी न्यायाधीशासमोर सुनावणी होते आणि त्याला वकील पुरवला जातो. तेथील व्यवस्थेवरही टीका होते. तरी वकील आधी आणि दार नंतर, हा क्रम येथील क्रमाच्या नेमका उलट आहे.

वकिलाची तरतूद आपल्या कायद्यात नाही असे नाही. कलम २७ मोफत विधिसाहाय्याचा हक्क देते आणि संस्थेच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यावर तो सांगण्याची जबाबदारी टाकते. तो केव्हा सांगितला जातो, यावर मात्र सारे अवलंबून आहे. दाखल होण्याच्या दिवशी, थरथरत्या हाताला दिलेला कागद रुग्णाच्या उपयोगी पडत नाही. तो पुन्हा, पहिल्या क्षमता-तपासणीच्या वेळी, मराठीत आणि नातेवाइकांच्या अनुपस्थितीत वाचून दाखवावा लागेल, आणि वाचून दाखवणारी व्यक्ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांपेक्षा वेगळी असावी लागेल.