तोंड पाहणारे आणि तोंडचे ऐकणारे

दिवाळीच्या फराळात चकली ही मोठी स्पष्टवक्ती. लाडू कोणाच्याही तोंडात विरघळतो. पण चकलीची ताटली पुढे आली की घरात कोणाचे दात शाबूत आहेत आणि कोणाचे गेले, हे लपत नाही. आमची आत्या चकली चहात बुडवून खायची. मशेरीने काळे होऊन तिचे दात एकेक करून गेले होते. बोलणे मात्र थांबले नव्हते. गावात पिठाची गिरणी येऊन किती वर्षे लोटली, तरी जात्यावरच्या ओव्या तिच्या तोंडी जशाच्या तशा होत्या.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दोन प्रकारची पुस्तके शेजारीशेजारी ठेवून वाचली. एक मुखारोग्याची, दुसरी मौखिक इतिहासाची. दोन्हींच्या नावात 'मुख' आहे, पण ग्रंथालयात त्यांची कपाटे वेगळी आणि वाचणारेही वेगळे. मी मॅट्रिक झालेला मास्तर. वैद्यक मला येत नाही, इतिहासाची पदवीही नाही. पण पुस्तक माणसाशी कसे बोलते, एवढे वर्गात बोलून आणि चार कादंबऱ्या लिहून थोडेफार कळू लागले आहे. त्याच अधिकारावर हे टिपण.

प्रथम दातांच्या निगेच्या छोट्या पुस्तिका घेऊ. त्यांतील माहिती खरी आहे, मोलाचीही आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, कुटतात आणि ती पूड बोटाने दातांना लावतात. तीच मशेरी, कोणी तिला मिश्री म्हणते. दात घासण्याच्या निमित्ताने तंबाखूचा अंमल हिरड्यांतून अंगात शिरतो आणि सवय सुटत नाही. धूर न करता वापरली जाणारी तंबाखूही कर्करोग करते, असा स्पष्ट निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. हे सारे या पुस्तिका सांगतात. पण सांगतात कशा? 'करा', 'करू नका', 'सोडा'! आम्ही मास्तर लोकही असेच बोलतो, म्हणून ही खोड मला चटकन ओळखू आली. मशेरी लावणारी बाई पहाटे उपाशीपोटी कामाला लागते, दुखरी दाढ त्या पुडीने घटकाभर गप्प होते, आणि मशेरीची डबी फिरते तेवढाच वेळ चार बायका उंबऱ्यावर निवांत बसतात. हे कोणत्याही पानावर नाही. ज्या बाईसाठी पुस्तिका लिहिली, ती बाईच तिच्यात नाही!

याहून मोठे काम १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाचे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासली. मी तो शब्दकोश उशाशी घेऊन वाचला. लाखभर गरिबांना कोणीतरी आदराने 'आ करा' म्हटले आणि जे दिसले ते प्रामाणिकपणे मांडले, ही सामान्य गोष्ट नव्हे. कोष्टकाने बोलावे अशी अपेक्षा मी करणार नाही. पण त्या कोष्टकांवरून जी पुढे लोकांसाठी पुस्तके लिहिली जातात, त्यांनी तरी बोलावे की नाही?

आता दुसरे कपाट. साने गुरुजींचे 'स्त्री जीवन' अनेकांच्या घरी असेल. १९४० च्या सुमारास गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या, विषयवार लावल्या आणि त्यांवर मायेने लिहिले. पण वाचताना गुरुजींचाच हळवा सूर अधिक ऐकू येतो. कोणती ओवी कोणत्या बाईची, कोणत्या गावची, हे कळत नाही. ही उणीव हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी भरून काढली. पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात गरीब बायकांबरोबर काम करता करता त्यांनी ओव्या जमवायला सुरुवात केली, आणि संख्या लाखावर गेली. गाणारीचे नाव, तिचे गाव यांची नोंद झाली. कित्येकींचा आवाजही ध्वनिमुद्रित झाला.

वाचकहो, इथे मी पुस्तक मिटून बसून राहिलो. एकाच जिल्ह्यात कोणी लाखभर तोंडे पाहिली आणि तिथूनच सुरुवात करून कोणी लाखभर ओव्या ऐकायला बसले. दोन्ही कामे निष्ठेची. पण पहिल्यात आवाज नाही, आणि दुसऱ्यात त्या आवाजाच्या हिरड्या दुखत होत्या का, याची विचारपूस नाही.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) मला या साऱ्यांत अधिक धीट वाटते. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून या दोघींनी त्यांच्या आठवणी मिळवल्या. नावातला तो 'ही' पाहा. केवढी तक्रार आणि केवढा अभिमान त्या एका अक्षरात आहे! मुलाखती फार आटोपशीर आहेत, आणखी दोन पाने असती तर बरे, असे वाटत राहते. पण विचारणारीने आधी ऐकायचे ठरवले आहे, हे पानोपानी जाणवते. आरोग्याची पुस्तके लिहिणाऱ्यांनी हे पुस्तक एकदा वाचावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

हा आग्रह कोरडा नाही. आत्याच्या गालाच्या आत एक व्रण झाला होता. तिने तो कोणाला दाखवला नाही, आणि आम्ही विचारले नाही. घरात दंतारोग्याची पुस्तिका होती. मीच शाळेतून आणली होती. 'मशेरी वाईट' एवढे तिला ऐकवून मी मोकळा झालो होतो. दोन आठवड्यांत न भरणारा तोंडातला व्रण डॉक्टरांना दाखवावा, हे त्याच पुस्तिकेत होते. ते वाचून दाखवायला मात्र तिच्याजवळ बसलो नाही. शस्त्रक्रियेत जबड्याचा भाग काढावा लागला. त्यानंतर ती बोले ते आम्हांला कळेना. तिच्या ओव्या 'पुढच्या सुट्टीत' उतरवून घेऊ, असे मी वर्षानुवर्षे म्हणत आलो होतो. माझ्या वहीत अकरा ओव्या आहेत, त्यांतल्या चार अर्ध्या.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. मुखारोग्याच्या पुस्तकात माणसाचा बोल ऐकू यावा, आणि मौखिक इतिहासाच्या पुस्तकात बोलणाऱ्याचे तोंड दिसावे. अशी पुस्तके निघतील तेव्हा निघोत. तूर्त भाऊबीजेला घरी जाल, तेव्हा ताटात काय पडले यापेक्षा ओवाळणारीला काय खाता येते, ते पाहा. मग जवळ बसा, आणि वही उघडी ठेवा.