मांचा आणि गातो : दोन मुक्या सोबत्यांचे चरित्र

घरच्या जनावरावर जीव लावणारी माणसे पुष्कळ असतात. त्या जिव्हाळ्याविषयी वाचनीय लिहिणारी मात्र फार थोडी. घोड्यांच्या आठवणी सांगणाऱ्या पुस्तकांचे पाश्चात्त्य वाङ्मयात एक स्वतंत्र दालनच आहे. त्यातील बरीचशी पुस्तके दोनपैकी एका दोषाने बिघडलेली असतात, असे आमचे मत आहे. पहिला दोष भाबडेपणाचा. त्यात प्रत्येक घोडा स्वामिनिष्ठ, प्रत्येक घोडा उमदा, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत प्रसंगी अश्रू. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. लेखक घोड्याच्या कातड्यात हळूच स्वतः शिरतो, आणि मग आपण घोड्याविषयी वाचत आहोत की लेखकाविषयी, हेच समजेनासे होते. अशा लेखनासाठी आम्ही एक साधी कसोटी लावतो. पुस्तक मिटल्यावर त्यातील दोन घोडे अंधारातही वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत. रंगावरून नव्हे, स्वभावावरून; आणि स्वभाव म्हणजे गुणांची यादी नव्हे, तर त्या जनावराची खोड.

या कसोटीला पूर्ण उतरणारे एक पुस्तक म्हणजे एमे चिफेली यांचे १९३३ साली प्रसिद्ध झालेले ‘सदर्न क्रॉस टू पोल स्टार’. चिफेली जन्माने स्विस. अर्जेंटिनातील किल्मेस येथे एका इंग्रजी शाळेत ते शिक्षक होते. १९२५ च्या एप्रिल महिन्यात त्यांनी ब्वेनोस आयरेस सोडले आणि दोन घोडे बरोबर घेऊन सुमारे १०,००० मैलांचा प्रवास करीत १९२८ मध्ये ते प्रथम वॉशिंग्टनला व पुढे न्यूयॉर्कला पोहोचले. मधला काही भाग, जिथे वाटच नव्हती तिथे, जहाजाने काटावा लागला. एरव्ही सारा प्रवास घोड्यांच्या पाठीवर. अँडीज पर्वताच्या रांगा, पेरूच्या किनाऱ्यावरील वाळवंट, मध्य अमेरिकेतील दलदली, मेक्सिको. हे घोडे ‘क्रिओयो’ जातीचे होते. सोळाव्या शतकात स्पॅनिश विजेत्यांनी आणलेल्या आणि पुढे पंपाच्या गवताळ प्रदेशात मोकाट सुटलेल्या घोड्यांची ही संतती. नामशेष होऊ घातलेली ही जात टिकावी यासाठी आयुष्य वेचणारे पशुवैद्यकाचे प्राध्यापक एमिलिओ सोलानेत यांनी हे दोन घोडे चिफेलींना दिले. दोघांचेही वय पंधराच्या आसपास वा पुढेच होते. या वयाचा घोडा कोणी लांबच्या प्रवासाला काढीत नाही, म्हणून तेथील वर्तमानपत्रांनी चिफेलींना वेड्यात काढले.

एकाचे नाव मांचा, म्हणजे डाग. आपल्याकडे ज्याला अबलख म्हणतात तसा, तांबूस आणि पांढऱ्या ठिपक्यांचा. दुसरा गातो, म्हणजे मांजर. रानमांजरासारख्या रंगामुळे पडलेले नाव. मराठी वाचकाला ‘गातो’ हे नाव ऐकून हसू येईल, पण गाणे तर सोडाच, हा प्राणी अत्यंत अबोल होता.

पुस्तकाच्या आरंभीच एक लहानसा तपशील येतो, आणि आमच्या मते लेखकाची सगळी ताकद तेथेच दिसते. पातागोनियाच्या ओसाड माळावर वाढलेले हे घोडे राजधानीत आले तेव्हा त्यांच्यापुढे रसाळ लसूणघास आणि धान्य ठेवण्यात आले. त्यांनी त्याला तोंड लावले नाही. खाली अंथरलेला वाळका पेंढा मात्र त्यांनी मोठ्या आवडीने फस्त केला. चिफेली यावर भाष्य करीत नाहीत. गरिबीचे गोडवे गात नाहीत, साधेपणाचे धडे देत नाहीत. घोड्यांनी अंथरूण खाल्ले, एवढेच सांगून ते पुढे जातात. आम्हां प्रवचनकारांना हा संयम सहसा साधत नाही!

पुढे दोघांचे स्वभाव उलगडत जातात ते असेच, घटनांमधून. मांचा म्हणजे जणू राखणदार कुत्रा. सदा सावध, परक्यावर विश्वास नाही. धन्याखेरीज कोणालाही पाठीवर बसू देत नसे. अनोळखी माणूस जवळ आला की कान मागे पाडायचा, मागचा पाय उचलायचा आणि आता चावतोच अशा मुद्रेने पाहायचा. गातोवर त्याची पूर्ण सत्ता चाले, आणि गातोने त्याचा कधी प्रतिकार केला नाही. गातोची तऱ्हा निराळी. माणसाळवताना त्याने सगळे डाव करून पाहिले. स्वार पडत नाही असे दिसताच नशिबाचा स्वीकार केल्यासारखा तो शांत झाला, तो कायमचाच. त्याच्या डोळ्यांत लहान मुलासारखे नवल असे. थकून कोसळेपर्यंत चालेल, पण कुरकुर करणार नाही. त्याला चिखल, दलदल, फसवी वाळू यांचा वास आधीच लागे. एके ठिकाणी चिफेली म्हणतात, ते आमच्या शब्दांत असे : या दोघांना वाचा असती तर मनातले दुःख सांगायला मी गातोकडे गेलो असतो, आणि नटूनथटून शहरात मिरवायला मांचाबरोबर. घोड्याचे मानवीकरण करण्याचा मोह लेखकाला येथेही झालाच आहे. पण ‘असती तर’ ही अट त्याने सोडलेली नाही, आणि आमच्या दृष्टीने सारे मोल त्या अटीचे आहे.

दोन प्रसंग विशेष उल्लेखनीय आहेत. अँडीजमधील एका निसरड्या वाटेवर गातोचा पाय घसरला आणि तो कड्याच्या दिशेने घरंगळत गेला. वाटेत एकुलते एक झाड होते, त्याला तो अडकला. तेथे तो दोर येईपर्यंत निमूट उभा राहिला. धडपडला असता तर संपलेच होते. दुसरा प्रसंग पाण्याचा. समोर उथळ दिसणारा, जेमतेम काही इंच खोल पाण्याचा पट्टा होता. लेखकाने घोड्याला पुढे रेटण्याचा परोपरीने प्रयत्न केला. घोडा जागचा हलेना. तेवढ्यात तेथील एक मूळ रहिवासी धावत आला आणि त्याने सांगितले की पाण्याखाली जीव घेणारा गाळ आहे.

हा प्रसंग वाचून बायबलच्या कोणत्याही वाचकाला गणना या पुस्तकाचा बाविसावा अध्याय आठवेल. बलाम गाढवीवर बसून चाललेला असतो; वाटेत उपसलेली तलवार घेऊन परमेश्वराचा दूत उभा आहे, हे गाढवीला दिसते, द्रष्ट्याला दिसत नाही. ती एकदा शेतात वळते, एकदा भिंतीला अंग चेपते, एकदा बसकण मारते, आणि तीन वेळा मार खाते. मग परमेश्वर तिचे तोंड उघडतो. वाचा मिळाल्यावर ही गाढवी काय बोलते, याकडे आमच्या प्रवचनांतून पुरेसे लक्ष दिले जात नाही. ती देवदूताविषयी एक अक्षर बोलत नाही. भविष्य सांगत नाही, तत्त्वज्ञान सांगत नाही. मी तुझे काय केले म्हणून तू मला मारलेस, आजवर ज्या गाढवीवर बसत आलास तीच मी नव्हे काय, मी कधी असे वागले होते काय, एवढेच ती विचारते. म्हणजे तिला वाचा मिळाली तरी ती गाढवीच राहिली. जनावराच्या तोंडी किती आणि कोणते शब्द घालावेत याचा याहून उत्तम वाङ्मयीन वस्तुपाठ आम्हांला ठाऊक नाही.

हा वस्तुपाठ खुद्द चिफेली एका वर्षात विसरले. १९३४ मध्ये त्यांनी याच प्रवासावर मुलांसाठी दुसरे पुस्तक लिहिले, ‘द टेल ऑफ टू हॉर्सेस’. त्यात सारी हकीकत घोडेच सांगतात. पुस्तक वाईट नाही; मुलांना आवडावे असेच आहे. पण तोच गातो, तोच मांचा येथे ओळखीचे वाटत नाहीत. पहिल्या पुस्तकात मांचाने कान पाडले की आपण थबकतो. का पाडले असतील, असा विचार करतो. दुसऱ्यात कारण आधीच हाती ठेवले जाते. गूढ उकलले की स्वभावही ओसरतो.

बोलणारा घोडा नेहमीच फसतो असे मात्र नाही. ॲना सूएल यांची ‘ब्लॅक ब्यूटी’ (१८७७) आणि टॉलस्टॉय यांची ‘खोल्स्तोमेर’ (१८८६) या दोन्ही कृतींत घोडा बोलतो, आणि प्रभावीपणे बोलतो. सूएल बालवयात पायाने अधू झाल्या. पुढचे आयुष्य त्यांना घोडागाडीच्याच आधाराने हिंडावे लागले. त्यांच्या पुस्तकातील जिंजर ही घोडी चावते, आणि तिची ही खोड माणसांच्या क्रौर्यातून आली आहे असे वाचकाला कळते तेव्हा तो अस्वस्थ होतो. टॉलस्टॉयच्या वृद्ध घोड्याला ‘माझे’ हा माणसांचा शब्दच समजत नाही. पण येथे एक भेद ध्यानात घ्यावा. हे घोडे साक्षीदार आहेत, वकील आहेत. माणसांच्या न्यायालयात उभे राहण्यासाठी त्यांना वाचा दिलेली आहे. चिफेलींच्या दुसऱ्या पुस्तकातील घोड्यांना अशी कोणतीच तक्रार मांडायची नाही. मग त्यांनी बोलावे कशासाठी? मराठीत व्यंकटेश माडगूळकर यांनी ‘सत्तांतर’ (१९८२) मध्ये वानरांच्या टोळ्यांची कथा त्यांच्या तोंडी माणसाची भाषा न घालता सांगितली, आणि ती कोठेही उणी पडली नाही.

आमच्या वाचकांपैकी काहींना प्रश्न पडेल की एका धर्मगुरूने घोड्यांच्या खोड्यांवर एवढी शाई का खर्च करावी. कारण असे की धर्मग्रामात फिरताना हा विषय आम्हांला वारंवार भेटतो. बागायत विकली गेली तेव्हा दावणीचा बैलही गेला, आणि त्या बैलाची आठवण काढताना घरच्या म्हाताऱ्याचा आवाज कापतो. मग तो ओशाळून म्हणतो, ‘फादर, जनावरासाठी रडणे हे पाप तर नाही ना?’ ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने या बाबतीत तोल सांभाळला आहे. प्राण्यांना विनाकारण क्लेश देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. त्यांच्यावर प्रेम करावे, मात्र माणसालाच द्यावयाचे प्रेम त्यांच्याकडे वळवू नये, असे तो सांगतो. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी, जे स्वतः अर्जेंटिनाचे होते, ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्रत्येक जीवाला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचे मोल आहे असे ठासून सांगितले. ही दोन विधाने शेजारी ठेवली की प्रश्न उरतो : माणसासारखे प्रेम न करता जनावरावर प्रेम करायचे, म्हणजे नेमके कसे? धर्मशास्त्राने याचे उत्तर फार तपशिलात दिलेले नाही. चिफेलींच्या पहिल्या पुस्तकात ते पानोपानी दिसते. गातो हा त्यांना मुलाच्या जागी नाही, नोकराच्याही नाही. त्याला दलदल कळते आणि आपल्याला कळत नाही, ही वस्तुस्थिती त्यांनी मान खाली घालून स्वीकारली आहे. म्हाताऱ्यालाही आम्ही हेच सांगतो, की बैलाची आठवण काढ. कोणत्या वळणावर तो अडून बसायचा, ते नातवंडांना सांग.

पुस्तकात उणिवा आहेतच. वाटेत भेटलेल्या मूळ रहिवाशांविषयीचे लेखकाचे काही शेरे आज वाचवत नाहीत. घोड्यांना त्यांनी जेवढ्या बारकाईने पाहिले, तेवढे त्या माणसांना पाहिलेले नाही. गाळाची सूचना देणारा तो मनुष्य येतो, जीव वाचवतो आणि पानावरून नाहीसा होतो. त्याचा स्वभाव कसा होता, हे आम्हांला जाणून घ्यायला आवडले असते.

न्यूयॉर्कहून परतण्यासाठी ठरलेल्या ‘वेस्ट्रिस’ या जहाजावर हे तिघे चढले नाहीत, कारण घोड्यांना तेथील प्रदर्शनात दाखवायचे होते. नोव्हेंबर १९२८ मध्ये ते जहाज बुडाले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. घोडे पुढे सोलानेत यांच्या कुरणावर मोकळे राहिले. गातो १९४४ मध्ये मेला. मांचा १९४७ साली, नाताळच्या दिवशी. १९९९ मध्ये अर्जेंटिनाने २० सप्टेंबर हा राष्ट्रीय अश्वदिन ठरवला, तो त्यांच्या न्यूयॉर्कमधील आगमनाची आठवण म्हणून.

दोघांचीही शरीरे भुसा भरून लुहान येथील संग्रहालयात ठेवली आहेत. त्याच गावात लुहानच्या पवित्र मरियेची बासिलिका आहे. परंपरा सांगते की १६३० मध्ये मरियेची मूर्ती घेऊन निघालेली गाडी त्या जागी अडली. बैल काही केल्या पुढे जाईनात, आणि मूर्ती उतरवली तेव्हाच हलले. यात्रेकरू बासिलिकेतून निघून संग्रहालयात डोकावतात. आता कोणताही परका माणूस मांचाच्या जवळ जाऊन उभा राहू शकतो. त्याचे कान मागे पडत नाहीत.