दोन अंकांमधली जागा : चित्रकथेचा चाहता आणि त्याचे मत

अमेरिकन चित्रकथेच्या नव्या अंकावर तिच्या चाहत्याने दिलेले मत समीक्षेत जमा करावे काय, हा प्रश्न तौलनिक साहित्याभ्यासात क्वचितच विचारला जातो. 'जमले', 'फसले', 'मागचा अंक सरस होता' अशा शेऱ्यांना अभिरुचीचे उद्गार मानून आपण पुढे जातो. ही उपेक्षा प्रस्तुत लेखकास चुकीची वाटते. चाहत्याची अभिरुची थोर असते असा दावा येथे नाही. पुष्कळदा ती तशी नसते. परंतु त्याचे मत अपूर्ण संहितेविषयी असते आणि ती संहिता पुढे कोणते वळण घेईल यावर त्या मताचा परिणाम होऊ शकतो. ही संधी पूर्ण ग्रंथाच्या समीक्षकाला कधीच नसते.

स्कॉट मॅक्लाउड यांनी 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' (१९९३) या ग्रंथात दोन चौकटींमधील कोऱ्या पट्टीला चित्रकथेच्या अर्थनिर्मितीत मध्यवर्ती स्थान दिले. वोल्फगांग इझर यांच्या 'रिक्त जागां'शी तिचे नाते उघड आहे. मासिक चित्रकथेत मात्र याहून कितीतरी रुंद अशी एक पट्टी असते : दोन अंकांमधला महिना. चाहत्याचे मत या महिन्यात जन्मते. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक'मधून क्रमशः वाचणाऱ्यांनीही असाच काळ अनुभवला असणार. अमेरिकन चित्रकथेत ती प्रतिक्रिया अंकाच्याच पानांत छापली जाऊ लागली, हा तिचा विशेष. हान्स रॉबर्ट याउस यांचे 'अपेक्षांचे क्षितिज' अभ्यासकाला एरवी अप्रत्यक्ष पुराव्यांवरून रचावे लागते. येथे ते पत्रलेखकांच्या नावांसह हाती येते.

१९६० च्या सुमारास डीसीचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापू लागले. त्यामुळे विखुरलेले वाचक एकमेकांना लिहू लागले. जेरी बेल्स आणि रॉय थॉमस यांचे 'ऑल्टर इगो' हे चाहत्यांचे नियतकालिक १९६१ मध्ये निघाले; हेच थॉमस १९७२ मध्ये मार्व्हलचे मुख्य संपादक झाले. चाहता आणि कर्ता यांच्यातील रेषा इतकी पुसट होती.

या मताचा निकष कोणता? आपल्या परंपरेतील सहृदय काव्याशी तन्मय होतो. त्याचे मन आरशासारखे असावे अशी अपेक्षा असते. चित्रकथेचा चाहता तन्मय होतोच, पण हातात वही घेऊन. दहा वर्षांपूर्वीच्या अंकात नायक काय म्हणाला होता हे त्याला आठवते, आणि नव्या अंकाला तो त्या आठवणीपुढे जाब विचारतो. सातत्य हा त्याच्या दृष्टीने जवळजवळ नैतिक निकष असतो. मार्व्हलच्या 'नो-प्राइझ'मध्ये या वृत्तीला विनोदी मान्यता मिळाली. कथेतील चूक केवळ दाखवून न थांबता ती चूक कशी नव्हे हे पटवून देणाऱ्या वाचकाला हे बक्षीस, म्हणजे एक रिकामे पाकीट, पाठवले जाई. दोषदर्शन आणि दोषपूर्ती एकाच पत्रात! इझर यांच्या वाचकाने रिक्त जागा मनात भरली. या वाचकाने ती टपालाने भरून पाठवली.

तथापि मताला सत्ता मिळाली की त्याचे काय होते, हे १९८८ मध्ये दिसले. जेसन टॉड हा दुसरा रॉबिन. १९८७ मध्ये त्याची पूर्वकथा बदलण्यात आली : सर्कशीतल्या कसरतपटू कुटुंबातला मुलगा बॅटमॅनच्या गाडीची चाके चोरणारा रस्त्यावरचा पोर झाला. अनेक वाचकांना हा नवा, उद्धट रॉबिन रुचला नाही. 'बॅटमॅन'च्या ४२७ व्या अंकाच्या अखेरीस स्फोट झाला आणि त्याने जगावे की मरावे हे वाचकांनी दूरध्वनीवरून ठरवावे असे आवाहन करण्यात आले. मृत्यूच्या बाजूने ५,३४३ व जीवनाच्या बाजूने ५,२७१ मते पडली. फरक ७२ चा. या घटनेकडे वाचकाच्या विजयाचे उदाहरण म्हणून पाहणे मला मान्य नाही. पत्रात कारण द्यावे लागते, दूरध्वनीवर द्यावे लागत नाही. बदललेल्या पूर्वकथेविषयीचा आक्षेप, म्हणजे लेखनाविषयीचा आक्षेप, येथे पात्राच्या देहदंडात रूपांतरित झाला. टॉड २००५ मध्ये कथेत परतला. आणि तो वाचला असता तर निघाला असता तसा ४२८ वा अंक डीसीने २०२३ मध्ये प्रत्यक्ष छापला. पस्तीस वर्षांपूर्वी हरलेल्या मताला असा विलंबाने मुद्रणाचा मान मिळाला.

आता अभ्यासकाच्या मेजावरील अडचण. चित्रकथा आपल्यापर्यंत येते ती बहुधा संकलित ग्रंथरूपात, आणि त्यात वाचकांची पत्रे सहसा वगळलेली असतात. ॲलन मूर व डेव्ह गिबन्स यांच्या 'वॉचमेन'चे (१९८६–८७) उदाहरण येथे बोलके आहे. अंकाअखेरची जी पाने एरवी वाचकपत्रांना मिळत, त्या जागी त्यांत कल्पित आत्मचरित्राची प्रकरणे, अहवाल, मुलाखती आल्या. त्या लेखकाच्या असल्यामुळे संकलित आवृत्तीतही टिकल्या. एकाच जागेतील लेखकाचा मजकूर संहिता ठरला आणि वाचकाचा मजकूर वेष्टनासारखा फेकला गेला. २००२ मध्ये डीसीने मासिक अंकांतील पत्रसदरे थांबवली. पुढे काही ठिकाणी ती पुन्हा दिसली. १९६० ते २००२ या काळातील कोणत्याही मालिकेवर लिहिणाऱ्याने म्हणूनच संकलनावर न विसंबता मूळ सुटे अंक मागवावेत, आणि ते शेवटच्या पानापासून वाचायला घ्यावेत.