कागदाचे दगड

पांढुर्णा आणि सौसर ही गावे आमच्या किनाऱ्याकडील वाचकांस नकाशात शोधावी लागतील. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पांढुर्णा लागते. सौसर छिंदवाड्याच्या वाटेवर आहे. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, हा मुलूख मात्र मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली छिंदवाड्यातून हे दोन तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला. कचेरीत हिंदी, घरात मराठी, शेतात संत्री. सौसरजवळ जामसावळीस निद्रिस्त मारुती आहे. त्याच्या दर्शनास आम्ही गेलो असता एका पक्षकाराच्या घरी उतरलो, आणि त्यांच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या चिरंजीवांमुळे ह्या लेखाचा विषय आमच्या पुढ्यात आला.

हे चिरंजीव आणि त्यांचे मित्र एका गाण्याचा व्हिडिओ तयार करीत होते. नदीकाठी सामानाचा ढीग पडला होता : सात-आठ रंगांच्या छत्र्या, प्लॅस्टिकच्या झेंडूच्या माळा, जिलेटिनचे कागद, निळ्या रंगाने रंगविलेली संत्र्यांची खोकी. ह्या सामानास नाटकवाले 'प्रॉपर्टी' म्हणतात. आमच्या व्यवसायात त्या शब्दावरून भाऊ भावाच्या विरोधात उभा राहतो. येथे ती दीडशे रुपयांना बाजारात मिळते. ढिगाच्या टोकाशी एक मोठी टोपली होती आणि तीत लाल, पिवळे, जांभळे असे कागदाचे गोळे होते. ते काय, असे विचारता उत्तर मिळाले, "काका, हे दगड."

आता दगडांची हकीकत सांगणे भाग आहे. श्रावण अमावास्येस पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीत पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. दोन्ही तीरांवरून लोक परस्परांवर दगड फेकतात. झेंडा हाती आला की तो चंडीमातेच्या देवळात जातो. हीच गोटमार. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावच्या मुलीस पळवून नेले, नदी ओलांडताना दोघांवर दगडफेक झाली, अशी आख्यायिका सांगतात. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. कित्येकांचे प्राणही गेले आहेत. मनाई-हुकूम निघतात, पूर्वी ते १४४ कलमाखाली निघत, २०२४ च्या जुलैपासून नव्या संहितेच्या १६३ कलमाखाली निघतात. कलम बदलले, दगड बदलले नाहीत. मध्यंतरी प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी ते बाजूस सारून दगडच उचलले. गाणे त्या दोन प्रेमिकांचे होते आणि सरकारला जे साधले नाही, ते ह्या मुलांनी एका टोपलीभर कागदात साधले होते.

प्रश्न असा, की हे साधले असे म्हणावयाचे काय?

रंगीत चित्रपटाच्या आरंभापासून हा प्रश्न आपल्या दिग्दर्शकांपुढे आहे. 'प्रभात'ने 'सैरंध्री'च्या प्रती जर्मनीत काढून घेतल्या. १९३३ साली चित्रपट पडद्यावर आला, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. पुढे व्ही. शांताराम यांनी १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'मध्ये बैलाशी झुंज घेतली, डोळ्यांस इजा झाली आणि काही काळ दृष्टी गेली. त्या अंधारात आपणांस रंग दिसू लागले, असे त्यांनीच 'नवरंग'च्या प्रास्ताविकात सांगितले आहे. १९५९ चा हा चित्रपट आम्ही पुष्कळदा पाहिला आहे आणि रंगांच्या गर्दीने दरवेळी थोडे थकलोही आहोत. शांतारामांस पुरे म्हणणे ठाऊक नव्हते, असे आमचे नम्र मत आहे. परंतु त्यातील होळीचे नृत्य पाहावे. संध्या ह्या एकट्या नर्तिकेने डोक्याच्या मागील बाजूस पुरुषाचा मुखवटा बांधला आहे. तोंड फिरविले की ती स्त्री, पाठ फिरविली की पुरुष. सी. रामचंद्र यांच्या ठेक्याबरोबर ती वळत राहते आणि रुसवा व आर्जव ही एकाच देहातून निघतात. एवढा एक मुखवटा ठेवून बाकीची सारी सजावट काढून टाकली, तरी नृत्य उभे राहील. मुखवटा काढा, काहीच उरणार नाही.

आपल्या वाचकांस एवढे दूर जावयास नको. देवळाच्या प्रांगणात रात्री दशावतार उभा राहतो, तेव्हा तेथे एक बाकडे असते. राजा बसला की ते सिंहासन, युद्ध लागले की रथ. त्याला कोणी रंग दिलेला नसतो, आणि कोणा प्रेक्षकास त्याची उणीवही वाटत नाही, कारण बसणारा त्यावर राजासारखा बसतो.

रात्री मुलांनी आम्हांस तोवर जुळविलेला भाग दाखविला. त्यातील एक दृश्य आम्ही विसरणार नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी एक म्हातारा शेतकरी बैलाच्या खांद्यास हळद आणि तूप चोळतो आहे. जू बसून बसून कातडे जेथे काळे व राठ झाले, तेथेच तो पिवळा रंग बसतो. बैल डोळे मिटतो. झूल, बाशिंग, घुंगुरमाळा ही दुसऱ्या दिवशीची शोभा पुढे येते आणि तीही सुंदर आहे. परंतु ती ज्या खांद्यावर चढते, तो खांदा आपण पाहिलेला असतो.

आणि मग ते गोळे उडू लागतात. पाण्यावर जांभळे, लाल ठिपके तरंगतात, नायक-नायिका छत्र्या उघडून हसतात. ज्याला ठाऊक नाही, तो ह्याला होळी समजेल. कागद हाताला जड लागत नाही, म्हणून फेकणाऱ्याचा खांदाही वळत नाही. सारे अंग खोटे बोलू लागते. दशावतारी नट बाकड्यावर बसतो तेव्हा त्याचे अंग खोटे बोलत नाही. चूक कागदाची नव्हती, कागद दगडासारखा फेकला गेला नाही ही होती.

आम्ही हे बोललो, तेव्हा चिरंजीवांनी उत्तर दिले ते आम्हांस नुसते उडवून लावता आले नाही. "काका, खरा दगड दाखविला की गाणे राहत नाही, बातमी होते. बातमी दरवर्षी येते." ह्या युक्तिवादास आमच्याजवळ अजूनही पुरे उत्तर नाही. आपल्या गावाची ओळख रक्ताखेरीज आणखी कशाने व्हावी, ही इच्छा अगदी न्याय्य आहे.

पण नायकाची भूमिका स्वतः चिरंजीवांनीच केली होती आणि पडद्यावर त्यांच्या चेहऱ्यात आम्हांस काहीतरी कमी वाटत होते. समोर बसलेल्या मुलाकडे पाहता ते ध्यानात आले. डाव्या भुवईवर बोटभर लांबीचा व्रण आहे. तीन वर्षांपूर्वीच्या गोटमारीचा. चित्रणापूर्वी तेवढ्या जागी रंग लावून तो झाकला होता. इतक्या रंगीत सामानात हाच एक रंग असा होता, की तो लावण्यास कारण होते.

आम्ही म्हटले, शेवटचे कडवे पुन्हा चित्रित करा, छत्र्या घरी ठेवा, गोळे हवे तर राहू द्या. भुवईवरचा रंग तेवढा पुसा. मुले एकमेकांकडे पाहू लागली. आतापर्यंत दाराआड उभी असलेली त्यांची आई चहाचे पेले उचलण्यास आत आली. रंग तिनेच लावला होता, असे नंतर कळले.

पुसावा की नाही, हे चिरंजीवांनी निघताना आम्हांस पुन्हा विचारले. आम्ही म्हटले, "ते आईला विचार."