‘ख्रिस्तपुराणा’तील श्रोता

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा उल्लेख आपल्या समाजात अभिमानाने होतो, पण तो बहुधा एकाच कारणासाठी. एका इंग्रज धर्मगुरूने मराठी भाषेची मुक्तकंठाने स्तुती केली, या गोष्टीचे आपल्याला मोठे अप्रूप वाटते. त्या मोजक्या ओव्या सभा-संमेलनांतून म्हटल्या जातात आणि उरलेला ग्रंथ कपाटात राहतो. हा अभिमान अनाठायी आहे असे नाही. परंतु ज्या ग्रंथात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत, त्याची ओळख एवढ्यावरच थांबावी हे त्या ग्रंथावर अन्याय करणारे आहे. ‘ख्रिस्तपुराण’ हे मुळात भाषेचे स्मारक नाही. श्रद्धेत नव्याने पाऊल टाकणाऱ्या एका समूहासाठी, त्या समूहाच्या मागणीवरून रचलेले ते श्रवणकाव्य आहे. या दृष्टीने ते वाचले म्हणजे आजच्या आपल्या धर्मग्रामीय जीवनाशी त्याचे नाते किती जवळचे आहे, हे लक्षात येते.

फादर स्टीफन्स यांचा जन्म 1549 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. येशूसंघात प्रवेश करून 1579 च्या ऑक्टोबरात ते गोव्यास पोहोचले आणि 1619 मध्ये देहावसान होईपर्यंत, सुमारे चाळीस वर्षे, मुख्यत्वे गोव्यातील साष्टी तालुक्यात त्यांनी सेवा केली. ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा 36 अवस्वरूंत, तर दुसऱ्या पुराणात प्रभू येशूचे चरित्र 59 अवस्वरूंत येते. अवस्वरू म्हणजे अध्याय. रविवारी व सणासुदीला चर्चमध्ये हे पुराण वाचले व गायिले जात असे.

ग्रंथाच्या पहिल्याच अवस्वरूत एक प्रसंग आहे. चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठतो आणि धर्मगुरूंना विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांला का देत नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढचे सारे काव्य उभे राहते. समीक्षकांनी हा प्रसंग ग्रंथाची प्रस्तावना म्हणून नोंदविला आहे. परंतु माझ्या मते तोच ग्रंथाचा प्राण आहे. धर्मशिक्षणातली प्रश्नोत्तरे त्या माणसाला पाठ होती, पण तेवढ्याने त्याचे मन भरत नव्हते. नियम कळणे वेगळे आणि त्या नियमांमागील कथेत आपण राहू लागणे वेगळे. आध्यात्मिक वाढ ही या दुसऱ्या गोष्टीने होते, हे त्या श्रोत्याने ओळखले होते.

या मागणीमागे एक दुःखही आहे, आणि ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 1567 मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली. 1583 मध्ये कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय व त्यांचे सोबती मारले गेले आणि त्यानंतर तेथील गावप्रमुखांना असोळणे येथे प्राणास मुकावे लागले. अशा भूमीवर हे काव्य रचले गेले. ‘आमची पुराणे गेली’ हे वाक्य केवळ सोयीस्कर निमित्त म्हणून वाचता येत नाही. ज्याचे काही हिरावले गेले आहे, त्याचा तो आवाज आहे. फादर स्टीफन्स यांचे मोठेपण हे, की त्यांनी हा आवाज आपल्या काव्यातून वगळला नाही; उलट त्यालाच आरंभीचे स्थान दिले. त्या काळाच्या कठोर मर्यादा त्यांना ओलांडता आल्या नाहीत. पण समोरच्या माणसाची भूक खरी आहे आणि ती त्याच्याच भाषेत भागवली पाहिजे, हे त्यांनी जाणले.

म्हणूनच त्यांनी ओवी निवडली. एकनाथांचे निधन 1599 मधले. म्हणजे फादर स्टीफन्स गोव्यात होते तेव्हा मराठी मुलखात भागवत परंपरेचा श्रवणसोहळा ऐन बहरात होता. मंगलाचरण, श्रोता-वक्ता संवाद, दृष्टांतांची माळ हे पुराणकाव्याचे सारे संकेत त्यांनी स्वीकारले. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द त्यांनी निःसंकोच वापरला. परक्या शब्दांनी श्रोता बिचकावा, यापेक्षा ओळखीच्या शब्दाला नवा अर्थ द्यावा, ही त्यांची रीत. श्रद्धा माणसाच्या घरात प्रवेश करते ती घरच्या दाराने, याचे याहून स्पष्ट उदाहरण आपल्या साहित्यात सापडणे कठीण.

तरीही या ग्रंथाची एक उणीव नमूद केली पाहिजे. श्रोता मधूनमधून प्रश्न विचारतो, शंका काढतो. पण उत्तर देण्याचा अधिकार नेहमी पाद्रीगुरूंचाच. श्रोत्याने आपल्या संसारात, आपल्या शेतावर, शेजाऱ्याशी वागताना ही कथा कशी जगली, हे आपल्याला ऐकू येत नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील पहिले ख्रिस्ती लोक शिक्षण ऐकत, प्रार्थना करत, तसेच भाकरही वाटून घेत. ‘ख्रिस्तपुराणा’त ऐकणारा समूह आहे, पण वाटून घेणारा समूह क्वचितच दिसतो.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न आपल्या काळात झाला आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने (1962–65) चर्चला ‘देवाची प्रजा’ म्हटले. आशियातील महागुरूंनी 1990 मध्ये बांडुंग येथे सहभागी चर्चची कल्पना मांडली, आणि मुंबई महाधर्मप्रांतात 1980 च्या दशकापासून लहान ख्रिस्ती समुदाय आकाराला आले. या समुदायांतून प्रचलित झालेली शुभवर्तमान-वाचनाची सात पायऱ्यांची पद्धत दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेची. तिच्यात वचन वाचले जाते, मौन पाळले जाते, आणि मग प्रत्येकाने आपल्याला काय भावले ते सांगावयाचे असते. शेवटी आपल्या परिसरात कोणते काम करावयाचे याचा विचार होतो. साष्टीतील श्रोत्याला जे मिळाले नव्हते ते येथे मिळते: बोलण्याचा अधिकार आणि करावयाचे काम.

नवी मुंबईत या दोहोंची गरज विशेष आहे. सिडकोची स्थापना 1970 ची. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर ही वस्ती त्यानंतर वाढली. येथील कॅथलिक कुटुंबांत कोणी वसईचे, कोणी नगरकडचे, कोणी गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे. येथे गावची वेस नाही, पूर्वजांचा क्रूस नाही. एका सोसायटीत शेजारच्या दाराआड ख्रिस्ती कुटुंब आहे हेही पुष्कळदा ठाऊक नसते. अशा ठिकाणी केवळ रविवारच्या मिस्सेने समाज घडत नाही. लहान समुदायाच्या बैठकीला जायचे ते याकरिता. पण त्या बैठकीत ठरलेल्या प्रार्थना म्हणून चहापानानंतर उठायचे असेल, तर आपण त्या पहिल्या श्रोत्याच्याही मागे पडलो असे म्हणावे लागेल. त्याने निदान प्रश्न तरी विचारला होता.

येथे ‘ख्रिस्तपुराणा’चा पुढचा प्रवास उद्बोधक ठरतो. गोव्यातून कानडा मुलखात स्थलांतरित झालेल्या कुटुंबांनी हे काव्य सोबत नेले आणि हस्तलिखितांतून जपले. 1907 मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरमध्ये काढलेल्या आवृत्तीला अशा हस्तलिखितांचाच आधार होता. पुढे 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांची आणि 1996 मध्ये कारिदाद द्राग यांची देवनागरी आवृत्ती आली. गाव सुटले तरी या कुटुंबांनी कथा सोडली नाही, आणि कथेने त्यांना परमुलखात एकत्र धरून ठेवले. नवी मुंबईतील आपण सारे असेच स्थलांतरित आहोत. आपली मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठीतून प्रार्थना करताना ती अडखळतात. त्यांना अकरा हजार ओव्या वाचायला सांगणे व्यर्थ आहे. पण आगमनकाळात किंवा उपवासकाळात समुदायाच्या बैठकीत एखादा अवस्वरू मोठ्याने वाचावा, कठीण शब्द ज्येष्ठांनी समजावून द्यावेत आणि मग मुलांना प्रश्न विचारू द्यावेत, एवढे अशक्य नाही.

त्या प्रश्नांची तयार उत्तरे आपल्यापाशी नसतील. ती सर्वांनी मिळून शोधावी लागतील. चारशे वर्षांपूर्वी एका श्रोत्याच्या धीट प्रश्नातून मराठीतील एक महाकाव्य जन्मले. प्रश्नाला जागा देणारा आणि उत्तर जगून दाखविणारा समूह आपण होऊ शकलो, तर त्या काव्याचा खरा सन्मान होईल.